दुसरी अँटेना कुठे उभी राहते? दौंडच्या माळापासून शीव कोळीवाड्यापर्यंत

मंडळी, शीव या नावातच हद्द आहे. मुंबईचं बेट इथे संपायचं आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची. इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात इथल्या टेकडीवर छोटा किल्ला बांधला, तो या हद्दीवर नजर ठेवायला. नजर म्हणजे सरळ रेषा. टेकडीवर उभा असलेला शिपाई आणि खाडीतली होडी यांच्या मध्ये काही आडवं आलं नाही तरच किल्ल्याचा उपयोग.

आता त्या टेकडीवरून खाली उतरून शीव कोळीवाड्यात या. स्टेशनचं नाव आज गुरू तेग बहादूर नगर आहे, पण जुनी माणसं अजून कोळीवाडा स्टेशनच म्हणतात. एकीकडे मूळ कोळी वस्तीच्या गल्ल्या, दुसरीकडे फाळणीनंतर आलेल्या पंजाबी कुटुंबांची वसाहत, आणि या सगळ्यावर हळूहळू चढत गेलेले मजले, पत्रे, पाण्याच्या टाक्या. इथे सरळ रेषा नावाची गोष्टच शिल्लक नाही. गल्लीतल्या माणसाच्या हातातला फोन आणि गच्चीवरचा टॉवर एकमेकांना क्वचितच 'बघतात'. तरीही फोन लागतो. कधी लागतो, कधी लागत नाही, आणि दोन पावलं सरकलं की परत लागतो.

ही 'दोन पावलं सरकण्याची' गोष्ट आज आपण बघणार आहोत. तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराच भाग आपल्या महाराष्ट्रातून जातो.

आधी घडतं काय ते समजून घेऊ. टॉवरवरून निघालेली लहर गल्लीत एकटी येत नाही. एक भिंतीवर आपटून येते, एक पत्र्यावरून, एक समोरच्या इमारतीच्या काचेवरून, एक छपराच्या कडेवरून वाकून. सगळ्या त्याच संदेशाच्या नकला, पण प्रत्येकीने वेगळं अंतर कापलेलं. फोनपाशी त्या एकत्र येतात तेव्हा काही ठिकाणी एकमेकींना बळ देतात, काही ठिकाणी एकमेकींना खाऊन टाकतात. ९०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, १८०० मेगाहर्ट्झची जवळपास १७ सेंटिमीटर. म्हणजे जोराच्या जागेपासून पोकळ जागेपर्यंतचं अंतर काही बोटांचं असतं. सिग्नल असा वर-खाली होणं याला म्हणतात फेडिंग. मराठीत 'क्षीणन' असा शब्द पुस्तकांत मिळेल, पण तो आम्ही वापरणार नाही, कारण त्यातून सिग्नल सावकाश विरत जातो असं वाटतं. फेडिंगमध्ये तो विरत नाही, त्याला खड्डे पडतात.

या खड्ड्यांचं गणित रेडिओच्या आधीचं आहे. लॉर्ड रॅले यांनी १८८० साली ध्वनीच्या संदर्भात प्रश्न विचारला होता: एकाच सुराची पुष्कळ कंपनं वाटेल त्या क्रमाने एकत्र आली तर बेरीज किती येईल? त्या उत्तराला आज आपण रॅले वितरण म्हणतो. सरळ रेषेतली एक ठळक लहर आणि तिच्याभोवती बाकीच्या विखुरलेल्या, असं असेल तर वेगळं वितरण लागतं. ते बेल लॅबच्या एस. ओ. राइस यांच्या नावाने ओळखलं जातं. तेव्हा ढोबळ मानाने म्हणता येईल, की किल्ल्याच्या माथ्यावर राइस राहतात आणि कोळीवाड्याच्या गल्लीत रॅले.

आता या लहरी मुंबईच्या गल्लीत शिरण्याआधीच्या काळात जाऊ. साल १९२७. ब्रिटिश साम्राज्याला तारांच्या जोडीने बिनतारी जाळं हवं होतं. मार्कोनी कंपनीच्या सी. एस. फ्रँकलिन यांनी लघुलहरींचे 'बीम' अँटेना तयार केले होते. लहरी चारी दिशांना उधळण्याऐवजी त्या एका दिशेला वळवायच्या, म्हणजे कमी पॉवरमध्ये लंडन गाठता येतं. भारताची बाजू पुणे परिसरात उभी राहिली. प्रक्षेपण खडकीला, ग्रहण दौंडला. इंग्लंडच्या बाजूला ग्रिम्सबी आणि स्केगनेस. सप्टेंबर १९२७ मध्ये ही सेवा सुरू झाली. दौंड म्हटलं की आपल्याला रेल्वेचं जंक्शन आठवतं, पण त्या माळावर उंच खांबांवर ताणलेल्या तारांचा पडदा होता आणि तो हजारो किलोमीटरवरच्या इंग्लंडकडे कान देऊन उभा होता. लहर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून, परत जमिनीवर येऊन, परत वर जाऊन पोहोचायची. आज कोळीवाड्यातली भिंत जे काम करते तेच काम तिथे आकाश करत होतं. अनेक वाटा, अनेक नकला, आणि फेडिंग. १९३३ साली या मार्गावरून लंडनशी रेडिओ टेलिफोन सुरू झाला तेव्हा फेडिंगचा त्रास आणखी जाणवू लागला असणार. तारेतलं अक्षर परत मागवता येतं, बोलण्यातला शब्द कसा परत मागवणार?

या अडचणीवर उत्तर शोधणारी दुसरी मंडळी अटलांटिकच्या पलीकडे होती. अमेरिकेच्या आरसीए कंपनीचं ग्रहण केंद्र न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर रिव्हरहेडला होतं. तिथे हॅरॉल्ड बेव्हरिज आणि एच. ओ. पीटरसन यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. एका अँटेनावर सिग्नल बुडतो, त्याच क्षणी काही शे फुटांवरच्या दुसऱ्या अँटेनावर तो बुडतोच असं नाही. दोघांचे खड्डे वेगवेगळ्या वेळी पडतात. मग तीन अँटेना एकमेकांपासून लांब उभ्या करायच्या, प्रत्येकीला स्वतंत्र रिसीव्हर द्यायचा, आणि तिघांचं उत्पन्न एकत्र करायचं. त्यांचा लेख १९३१ साली प्रसिद्ध झाला. नाव पडलं 'डायव्हर्सिटी'.

आता बघा, यात खरा पेच कुठे होता. तीन अँटेनांचे सिग्नल तसेच्या तसे जोडले तर ते पुन्हा एकमेकांना खाऊ शकतात, मग आपण गल्लीतलाच गोंधळ तारेत आणला असं होईल. म्हणून त्यांनी आधी प्रत्येकाचं डिटेक्शन केलं आणि मग जोडणी केली. जो त्या क्षणी जोरात असेल त्याचं ऐकायचं, असा तो व्यवहार. पण यासाठी जमीन लागते. बरीच जमीन. लघुलहरींची तरंगलांबीच काही दहा मीटरांची, त्यामुळे अँटेना शेकडो मीटर लांब ठेवाव्या लागतात. रिव्हरहेडला ती जागा होती आणि तिची किंमत मोजणारी कंपनी होती. डायव्हर्सिटीचा हिशोब मांडताना 'फायदा किती' हा प्रश्न सगळे विचारतात. आम्हाला वाटतं, इतिहासकाराने 'दुसरी अँटेना कोणाच्या जागेत आणि कोणाच्या पैशाने' हेही विचारलं पाहिजे. या विषयाची अर्धी गोष्ट त्यातच आहे.

तरी फायदा किती, तेही बघून घेऊ. कागद-पेन्सिल असेल तर हातात घ्या, गणित सोपं आहे. रॅले फेडिंगमध्ये सिग्नल सरासरीच्या दहाव्या भागाखाली जाण्याची शक्यता सुमारे ९.५ टक्के. शंभराव्या भागाखाली जाण्याची एक टक्का. आता दोन अँटेना घ्या, दोन्हींचे खड्डे स्वतंत्र आहेत असं माना, आणि जी चांगली तीच वापरा. दोन्ही एकाच वेळी बुडण्याची शक्यता म्हणजे गुणाकार. ९.५ टक्क्यांचे ०.९ टक्के होतात, आणि एक टक्क्याचे होतात ०.०१ टक्के. खड्डा जितका खोल, तितका दुसऱ्या अँटेनाचा उपयोग मोठा.

निवडण्यापेक्षा दोघांना एकत्र करणं जास्त चांगलं. ज्याचा जोर जास्त त्याला जास्त वजन द्यायचं, ज्याचा कमी त्यालाही टाकून द्यायचं नाही, आणि दोघांच्या लहरी आधी एका तालात आणायच्या. ही कल्पना १९५४ साली लिओनार्ड कान यांनी एका छोट्या टिपणात मांडली आणि १९५९ साली डी. जी. ब्रेनन यांच्या लेखाने या सगळ्या पद्धतींची शिस्तशीर तुलना केली. या पद्धतीत वरचे ०.९ टक्के आणखी निम्म्यावर, ०.४७ टक्क्यांवर येतात. सरासरीच बघायची तर 'चांगली ती निवडा' या पद्धतीत दोन अँटेना दीडपट देतात, आणि वजन देऊन जोडल्या तर दुप्पट. दीडपट-दुप्पट ऐकून कोणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण फेडिंगच्या व्यवहारात सरासरी फसवते. सरासरी पाऊस चांगला झाला म्हणून पेरणीच्या वेळी दडी मारलेला पाऊस भरून निघत नाही, तसंच.

खरा हिशोब चुकांचा. अगदी साध्या डिजिटल पद्धतीत लाख बिटांमागे एक चूक चालेल असं ठरवलं, तर फेडिंग नसताना सिग्नल गोंगाटापेक्षा साडेनऊ डेसिबलच्या आसपास वर लागतो. रॅले फेडिंगमध्ये एकाच अँटेनाला तेच साधायला ४४ डेसिबल लागतात. फरक सुमारे ३४ डेसिबल, म्हणजे पॉवर पावणेतीन हजार पट. दोन अँटेना नीट जोडल्या तर प्रत्येकीला साधारण साडेएकवीस डेसिबल पुरतात. पावणेतीन हजारांवरून आपण पंधरा-सोळा पटीवर आलो, केवळ एक जादा दांडी उभी करून.

(श्रोत्यांमधून प्रश्न: मग कंपन्या टॉवरची पॉवरच का वाढवत नाहीत?)

चांगला प्रश्न आहे. एक उत्तर आत्ताच्या आकड्यात आहे, इतकी पट पॉवर कोणी वाढवू शकत नाही. दुसरं, एका टॉवरचा आवाज वाढवला की शेजारच्या टॉवरच्या कामात तो गोंगाट होतो. तिसरं उत्तर कायद्यातलं. भारताने सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल टॉवरच्या किरणोत्साराची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. आणि चौथं, जे सगळ्यात सोपं आहे: टॉवरची पॉवर वाढवली तरी तुमच्या हातातला फोन ओरडू शकत नाही. त्याची बॅटरी तेवढीच. तो बोलणार हळूच, टॉवरनेच कान टवकारले पाहिजेत.

तर पुढे जाऊ, आणि पुण्याला परत येऊ. थॉमस कैलथ यांचा जन्म १९३५ सालचा, पुण्यातला. कुटुंब मल्याळी, शाळा पुण्यातली, आणि १९५६ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून दूरसंचार विषयात पदवी. तिथून ते अमेरिकेत एमआयटीला गेले आणि १९६१ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता यादृच्छिकपणे बदलत जाणाऱ्या वाहिन्यांमधून संदेशवहन. म्हणजे आपलाच विषय. एमआयटीच्याच लिंकन प्रयोगशाळेत रॉबर्ट प्राइस आणि पॉल ग्रीन यांनी १९५८ साली एक रिसीव्हर मांडला होता, त्याचं नाव 'रेक'. रेक म्हणजे बागेतलं दाताळं. वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या उशिराने आलेल्या नकला दाताळ्याच्या एकेका दाताने गोळा करायच्या आणि जोडायच्या. जादा अँटेना नाही, आणि तरीही डायव्हर्सिटी. इथे विचारात मोठा बदल झाला असं आम्ही मानतो. तोपर्यंत अनेक वाटा हा त्रास होता. दाताळं आल्यावर त्या पीक झाल्या.

मोबाइलचा काळ सुरू झाला आणि अँटेना आकाशातून गल्लीत आली. १९६८ साली आर. एच. क्लार्क यांनी शहरातल्या फिरत्या रेडिओचं प्रतिमान मांडलं: चारी बाजूंनी लहरी येतात असं धरलं तर दोन अँटेना तरंगलांबीच्या सुमारे ०.३८ पट अंतरावर ठेवल्या की त्यांचे खड्डे एकमेकांशी संबंध सोडतात. ९०० मेगाहर्ट्झला हे अंतर तेरा सेंटिमीटरच्या आत, १८०० ला सहा-साडेसहा, म्हणजे चार बोटं. रिव्हरहेडचं शेत आता तळहातावर मावत होतं.

पण हे गल्लीतल्या माणसाचं गणित. गच्चीवरच्या टॉवरचं वेगळं. टॉवरला गल्ली एका अरुंद कोनातून दिसते, सगळ्या लहरी जवळजवळ एकाच दिशेने येतात, म्हणून तिथे दोन अँटेना दहा-वीस तरंगलांब्या दूर ठेवाव्या लागतात. ९०० मेगाहर्ट्झला हे तीन मीटरच्या पुढे जातं. सुरुवातीच्या जीएसएम केंद्रांवर एकेका बाजूला लांब आडव्या दांड्यावर तीन-तीन पट्ट्या दिसायच्या, त्याचं कारण हेच. मधली बोलायची, कडेच्या दोन ऐकायच्या. भारतात १९९५ साली मोबाइल सुरू झाला आणि मुंबईच्या गच्च्यांवर असे खांब दिसू लागले. तेव्हा गच्ची भाड्याने देणाऱ्या सोसायटीला कोणी सांगितलं नसेल, की भाड्यातला एक हिस्सा त्या तीन मीटरांचा आहे! पुढे एकाच पट्टीत एकमेकींना काटकोनात, दोन्हीकडे ४५ अंश तिरक्या, अशा अँटेनांच्या दोन रांगा बसवल्या गेल्या. अंतराऐवजी दिशेतला फरक वापरायचा. इमारतींवर आपटून आलेली लहर मूळ दिशा विसरलेली असते, म्हणून ही युक्ती शहरात चांगली चालते. माळरानावर तितकी नाही. दाट वस्तीचा असाही एक उपयोग.

आता 'कोणाच्या पैशाने' या प्रश्नाकडे वळू. १९९८ साली सियावश अलामुती यांनी एक लेख लिहिला, काही पानांचाच. त्यांचा मुद्दा साधा होता. एक टॉवर शेकडो-हजारो फोनना सेवा देतो. प्रत्येक फोनमध्ये दुसरी अँटेना घालण्यापेक्षा टॉवरवर एक जादा अँटेना उभारणं स्वस्त. पण टॉवरच्या दोन अँटेनांनी एकच गोष्ट एकाच वेळी पाठवली तर गल्लीत त्या एकमेकींना खातील. म्हणून दोन चिन्हं घ्यायची. पहिल्या क्षणी दोन्ही अँटेनांनी एकेक पाठवायचं, दुसऱ्या क्षणी अदलाबदल करून, एकाचं चिन्ह उलटवून, तीच दोन पुन्हा पाठवायची. फोन एकाच अँटेनाने दोन्ही क्षण ऐकतो आणि साध्या बेरीज-वजाबाकीने दोन्ही वेगळी काढतो. फायदा दोन ग्रहण-अँटेनांसारखाच, फक्त पॉवर दोघींत वाटली गेल्यामुळे तीन डेसिबलचा तोटा. गरिबाच्या फोनवरचा खर्च मालकाच्या गच्चीवर नेणारं हे बीजगणित आहे, असं आम्ही म्हटलं तर गणितवाले रागावतील, पण अर्थशास्त्र तेच आहे.

याच दशकात उलटी वाटही निघाली होती. कैलथ तोवर स्टॅनफर्डला स्थिरावले होते. तिथे त्यांच्याकडे आलेले आरोग्यस्वामी पॉलराज भारतीय नौदलाचे अधिकारी, खडकवासल्याच्या एनडीएतून घडलेले. या दोघांनी १९९२ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९९४ साली ते मिळालं. दोन्ही टोकांना अनेक अँटेना असतील तर एकाच वेळी, एकाच पट्ट्यात वेगवेगळे संदेश समांतर पाठवता येतात, ही त्यातली कल्पना. आज तिला मायमो म्हणतात. म्हणजे जादा अँटेना विश्वासासाठी वापरायची की वेगासाठी, अशी निवड समोर आली. लिझोंग झेंग आणि डेव्हिड त्से यांनी २००३ साली दाखवलं, की दोन्ही पूर्णपणे एकदम मिळत नाहीत. वेग घेतलात की थोडा विश्वास सोडावा लागतो. जाहिरातींत आकडा वेगाचाच असतो. गल्लीत कॉल तुटणार नाही याचा आकडा कोणत्याही फलकावर लिहिलेला आम्ही पाहिला नाही.

४जीच्या नियमावलीने नेहमीच्या फोनसाठी दोन ग्रहण-अँटेना गृहीत धरल्या, ५जीच्या काही पट्ट्यांसाठी चार. २०१६ नंतर ४जी घराघरांत पोहोचलं तेव्हा रिव्हरहेडची दुसरी अँटेना लोकांच्या खिशात येऊन बसली, आणि तिचे पैसे लोकांनीच दिले, फोनच्या किमतीतून. तक्रार नाही, काम चांगलं झालं. पण ही गोष्ट सगळ्या यंत्रांच्या वाट्याला आली नाही. मीटर, गाडीतली ट्रॅकिंगची यंत्रं, दुकानातले पेमेंटचे साउंडबॉक्स, अशा स्वस्त यंत्रांसाठी ४जीमध्ये एकाच अँटेनाची जात काढली गेली, आणि ५जीमध्येही हलक्या यंत्रांना अँटेना कमी करण्याची सवलत आहे.

आणि इथे कोळीवाड्याची गल्ली आडवी येते. चालत्या माणसाचा फोन खड्ड्यातून क्षणात बाहेर येतो, कारण माणूस हलतो. भिंतीला टेकवून ठेवलेला साउंडबॉक्स हलत नाही. तो खड्ड्यात सापडला तर समोरून बस किंवा माणसं जाऊन लहरींचा खेळ बदलेपर्यंत तिथेच. जीएसएमने यावर उपाय ठेवला होता, वारंवारता सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा बदलायची, म्हणजे एका वारंवारतेचा खड्डा दुसरीवर लागत नाही. ४जीचा पट्टा मुळातच रुंद असतो. पण अरुंद गल्लीत वाटांमधला फरक वीस-तीस मीटरचाच, म्हणजे शंभर नॅनोसेकंदांच्या आत. इतक्या कमी फरकात खड्डा वारंवारतेच्या अंगाने रुंद होतो, कित्येक मेगाहर्ट्झ एकदम बुडतात. रुंद पट्ट्याचा फायदा जिथे हवा तिथेच कमी पडतो. अशा जागी पैसे आल्याचा आवाज उशिरा येतो, गिऱ्हाईक मोबाइलवरचं हिरवं टिक दाखवत उभं राहतं, आणि मासळी विकणाऱ्या मावशी म्हणतात, अजून आवाज नाय आला, थांब जरा.

त्यांच्या यंत्रात दुसरी अँटेना नाही, पण दुसरी जागा आहे. १८०० मेगाहर्ट्झला ती चार बोटांवर असते, ९०० ला साधारण आठ बोटांवर. बॉक्स आतल्या भिंतीवरून काढून पाटीच्या बाहेरच्या कडेला ठेवून बघायचा, नाही जमलं तर आणखी चार बोटं सरकवायचा.